मदत हवी आहे: सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीची अवस्था कशी तपासावी?

नमस्कार.

मी एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे. इमारतीची पाहणी करून नेमके काय बिघडले आहे आणि कशाला आधी हात घालायचा, याचे टिपण मंडळापुढे ठेवायचे काम माझ्याकडे आले आहे. माझे शिक्षण ग्रंथालयशास्त्रातले. बांधकामातले मला फारसे कळत नाही, म्हणून जाणकारांची मदत हवी आहे.

तळमजला दगडी, चुन्यात बांधलेला, जाड भिंतींचा. त्यावर बऱ्याच वर्षांनी आरसीसी स्लॅब टाकून पहिला मजला चढवला आहे. खाली देवघेव, बालविभाग आणि वाचनकक्ष, वर संदर्भ विभाग आणि पुस्तकांचे बहुतेक रॅक. मजला चढवतानाचे नकाशे आणि हिशेब दप्तरात सापडत नाहीत.

डोळ्यांना दिसते ते असे: वाचनकक्षाच्या छताची एक मोठी खपली पडून आतली गंजलेली सळई उघडी पडली आहे. आजूबाजूला काठीने ठोकले की पोकळ आवाज येतो. वरच्या मजल्यावर एका खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघून छताकडे गेली आहे. तळमजल्याच्या मागच्या भिंतीला जमिनीपासून कंबरेपर्यंत ओल आहे, लोणा लागून गिलावा भुसभुशीत झाला आहे. त्याच भिंतीला टेकून कपाटे आहेत आणि त्यातल्या पुस्तकांना कुबट वास येतो. गच्चीवर एका कोपऱ्यात पावसाचे पाणी साचून राहते. वायरिंग जुने आहे, त्यावरच नंतर संगणक आणि एसी जोडले गेले.

मंडळाचा कल सगळीकडे नवा गिलावा, गच्चीला वॉटरप्रूफिंग आणि आतून-बाहेरून रंग असे एकच काम काढण्याकडे आहे. ठेकेदाराचे अंदाजपत्रकही आले आहे. मला हे पटत नाही. गिलावा आणि रंग झाला की भेग वाढते आहे का, ओल कुठून येते, हे पुढे कुणाला कळणार? पण मंडळापुढे बोलायला "पटत नाही" एवढेच पुरत नाही.

तेव्हा सांगा, आम्ही स्वतः काय काय पाहून नोंदवू शकतो आणि कुठून पुढे तज्ज्ञच लागतो? तज्ज्ञाकडून कोणत्या चाचण्या मागायच्या? आणि पुस्तकांच्या वजनाचा विचार या सगळ्यात कसा करतात?

*

दगडविटा

सगळ्यात आधी वाचनकक्षाचा तो भाग आजच बंद करा. टेबले हलवा, दोरी बांधा. पोकळ आवाज येतो म्हणजे तिथले काँक्रीट सळईपासून सुटले आहे, ते कधीही खाली येऊ शकते. यासाठी अहवालाची वाट पाहायची नसते.

आता कारण. चांगल्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबारा-तेराच्या आसपास असतो आणि त्या अल्कलीमुळे आतल्या सळईवर संरक्षक थर टिकून राहतो. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत गेला की सामू ९ च्याही खाली उतरतो (यालाच कार्बोनेशन म्हणतात), तो थर जातो आणि ओल मिळताच सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीट आतून फोडून बाहेर ढकलतो. वरून नुसता सिमेंटचा गिलावा मारला तर आत गंज चालूच राहतो आणि पुढची खपली जास्त जड पडते. मंडळाला एवढे समजावून सांगितलेत तरी पुरे.

तज्ज्ञ म्हणजे इथे स्ट्रक्चरल इंजिनियर. अंदाजपत्रक देणाऱ्या ठेकेदाराचाच माणूस नको, ज्याला दुरुस्तीच्या कामातून काही मिळणार नाही असा स्वतंत्र हवा. त्याच्याकडून मागायच्या चाचण्या:

रिबाऊंड हॅमर सगळेच करतात, कारण ती स्वस्त आणि झटपट होते. पण ती फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगते. कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग उलट जास्त कठीण लागतो, त्यामुळे जुन्या काँक्रीटचा आकडा फसवा चांगला येतो. एकट्या हॅमरवर अहवाल देत असतील तर घेऊ नका. सोबत अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते मोजणारी चाचणी हवी. त्यात वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट बरे, तीनच्या खाली असेल तर शंकास्पद. सळईवर काँक्रीटचे आवरण किती आहे हे कव्हर मीटरने मोजतात. मग ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फथॅलिन हे रंग बदलणारे द्रावण टाकायचे. काँक्रीट गुलाबी झाले तर अल्कली शाबूत आहे, रंग बदलला नाही तर कार्बोनेशन तिथवर पोचले आहे. आवरण किती आणि कार्बोनेशन किती खोल, हे दोन आकडे शेजारी ठेवले की उरलेल्या स्लॅबचे भवितव्य कळते. खपली पडली तेवढीच जागा खराब आहे की सगळा स्लॅब त्याच वाटेवर आहे, हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर इथे मिळते. शंका उरलीच तर हाफ सेल पोटेन्शियल (सळई गंजत असण्याची शक्यता सांगणारी विद्युत चाचणी) आणि मोजक्या जागी कोअर, म्हणजे काँक्रीटचा कापून काढलेला दंडगोल नमुना.

भेगेचे काम मात्र तुम्हीच करू शकता. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहा. मधे दोन-तीन ठिकाणी रुंदी मोजा, पट्टी शेजारी धरून फोटो काढा. भेगेवर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावून ठेवली तर भेग जिवंत आहे की नाही ते तीच सांगेल: पट्टी तडकली म्हणजे हालचाल चालू आहे. थांबलेली भेग बुजवता येते. चालू भेग बुजवली तर शेजारून नवी निघते. खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग पाया असमान खचल्याने येते, तशीच लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) अपुरे असल्यानेही येते, त्यामुळे नोंदी होईपर्यंत कारण ठरवून टाकू नका. त्या भेगेच्या बरोबर खाली, बाहेरच्या बाजूला जमिनीत पाणी कुठे मुरते आहे का तेही पाहून ठेवा.

*

पानवेल

मी ग्रंथसंरक्षणाचे काम करते, म्हणून ओलीबद्दल लिहिते.

भिंतीतली ओल तीन वाटांनी येते आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते, तिची वरची कड बऱ्यापैकी आडवी असते आणि कडेला लोणा जमतो. गळतीची ओल डागासारखी एका जागी असते आणि पावसाबरोबर वाढते-घटते. तिसरी हवेतल्या बाष्पाची, थंड भिंतीवर धरणारी. संशय असेल तर भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवा. पाणी फॉइलच्या आतल्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते आहे, बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतून.

तुमच्या वर्णनावरून ती जमिनीतून चढणारी वाटते. तसे असेल तर चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट हा सगळ्यात वाईट उपाय. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडू शकते. तिचे तोंड बंद केले की ओल कोंडते आणि आणखी वर चढते. आधी बाहेरून पाहा. अंगणात भर घालून जमीन जोत्याच्या वर तर आलेली नाही ना? पन्हळीचे पाणी भिंतीच्या मुळाशी पडते का? कितीतरी वेळा सगळा रोग एवढ्यातच असतो.

कपाटे त्या भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढा, मागे हवा खेळली पाहिजे. खालचा कप्पा रिकामा ठेवा. साधा आर्द्रतामापक आणून एक त्या कोपऱ्यात आणि एक दालनाच्या मध्यावर ठेवा, रोज ठरलेल्या वेळी नोंद करा. सापेक्ष आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशीचा धोका आहे. पुस्तक भिजले तर ४८ तासांत बुरशी धरू शकते, म्हणून गच्चीतल्या साचलेल्या पाण्याखाली नेमके कोणते रॅक येतात तेही नकाशावर लिहून ठेवा. लाकडी चौकटींवर आणि कपाटांच्या मागे वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का, हे बॅटरी घेऊन बघा.

*

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वाचनकक्षाचा तो भाग बंद केला आहे. मागच्या भिंतीबाहेर जाऊन पाहिले, तिथे फरसबंदी जोत्याच्या वर आली आहे आणि पन्हळीचा पाइप मधेच तुटलेला आहे. म्हणजे पानवेल यांचा अंदाज खरा दिसतो.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. एक मोठा खासगी ग्रंथसंग्रह देणगी म्हणून येऊ घातला आहे. जागा वाचावी म्हणून तो वरच्या मजल्यावर रुळांवर सरकणाऱ्या कॉम्पॅक्ट रॅकमध्ये ठेवायचा विचार चालू आहे. हे चालेल का?

*

दगडविटा

नाही. अहवाल येईपर्यंत वरच्या मजल्यावर एकही नवा रॅक नको, सरकते तर मुळीच नकोत.

वजनाचे गणित असे. वाचनकक्षाची जमीन साधारणपणे चौरस मीटरला ३०० ते ४०० किलो भारासाठी बनवतात. पुस्तकांच्या साठ्याच्या खोलीला त्याच्या जवळपास दुप्पट लागते. भारतीय मानकात २.२ मीटरपर्यंत उंचीच्या साठ्याला चौरस मीटरला सुमारे ६०० किलो आणि त्यावरच्या प्रत्येक मीटर उंचीला आणखी २०० किलो धरतात, अमेरिकी मानकात ७३० च्या आसपास. हे सगळे दोन रॅकांमध्ये माणूस जाईल एवढी वाट सोडलेली आहे असे धरून. सरकत्या रॅकमध्ये त्या वाटाच नाहीशा होतात, म्हणून भार तिथून पुन्हा दुपटीवर जातो. तुमचा स्लॅब कशासाठी बांधला होता हे कागदावर नाही आणि त्याची सळई गंजते आहे. गंजलेल्या सळईचा छेद, म्हणजे जाडी, घटतो, म्हणजे मुळात जी ताकद होती तीही आता पूर्ण नाही.

आजचा भार तुम्ही स्वतः काढू शकता. फळीवरची एक मीटर लांबीची पुस्तके काढून वजन करा. साधी पुस्तके तीस-पस्तीस किलो भरतात, कोश आणि बांधीव नियतकालिके बरीच जास्त. त्याला एकूण फळ्यांच्या मीटरांनी गुणा, रॅकचे वजन मिळवा आणि मधल्या वाटांसकट त्या भागाच्या क्षेत्रफळाने भागा. इंजिनियर आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारेल. जड खंड स्लॅबच्या मध्यावर असतील तर ते भिंतीलगत किंवा सरळ खाली तळमजल्यावर न्या, पण ओली भिंत टाळून.

*

उजेडघर

वायरिंगबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून. जर्मनीत वायमार इथल्या ॲना अमालिया ग्रंथालयाला २ सप्टेंबर २००४ च्या रात्री आग लागली आणि सुमारे ५०,००० ग्रंथ जळाले. त्याहून जास्त ग्रंथ आगीने आणि विझवायच्या पाण्याने खराब झाले. विजेच्या वायरिंगमधला बिघाड हे संभाव्य कारण मानले गेले. इमारतीची दुरुस्ती आधीच ठरलेली होती आणि ग्रंथ दुसरीकडे हलवायला काही आठवडेच उरले होते.

म्हणून वीजतपासणी स्ट्रक्चरल ऑडिटच्या मागे रांगेत ठेवू नका, दोन्ही एकदमच लावा. प्रत्येक सर्किटवरचा भार, इन्सुलेशन रेझिस्टन्स (वायरीचे आवरण वीज गळू देते का), अर्थिंग, सगळे परवानाधारक माणसाकडून लेखी घ्या. गळतीखालून जाणारी वायर आधी बंद करा. आणि बाहेर पडायच्या दाराआड कपाट उभे नाही ना, एवढे आजच बघा.

*

धागाकर्ती

मागच्या दारासमोर जुन्या वृत्तपत्रांचे गठ्ठे होते, ते हलवले. शेवटचा प्रश्न: तज्ज्ञाला बोलावताना लेखी काय मागायचे, म्हणजे अहवाल मंडळाला वाचून समजेल?

*

दगडविटा

पत्रात सरळ लिहा की प्रत्येक दोषापुढे चार गोष्टी हव्यात: जागा नकाशावर दाखवून, कारण, तसेच सोडले तर काय होईल, आणि किती निकडीचे. निकडीचे वर्ग तीन पुरेत: ताबडतोब, वर्षाच्या आत, पुढच्या पाच वर्षांत. चाचणीचे आकडे आणि त्या कुठे घेतल्या ते परिशिष्टात. पहिल्या मजल्यावर आज किती भार चालेल, हा आकडा सहीनिशी मागा. दुरुस्ती आणि सजावट यांचा खर्च वेगळा दाखवायला सांगा, नाहीतर पैसे आधी रंगावर संपतात.

दुरुस्तीचा क्रम पाण्यापासून: गच्चीचा उतार आणि पाइप, पन्हळ, मागची फरसबंदी. मग स्लॅबचे काम: सैल काँक्रीट काढणे, सळई गंजमुक्त करणे, छेद फार घटला असेल तिथे नवी सळई जोडणे, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला दुरुस्तीचा मसाला). ओली भिंत वाळायला कित्येक महिने लागतात, तिचा गिलावा त्यानंतर आणि चुन्याचाच. रंग सगळ्यात शेवटी.

ठेकेदाराला आत्ता फक्त पन्हळीचा पाइप बदलायला सांगा. तेवढ्या कामाला कुठल्याच अहवालाची गरज नाही.