कुंडीत बागेतली माती भरू नका (मतं हवीत, विरोधी असली तरी)

निशिगंध
टोमॅटो आणि मिरची कुंडीत लावायला लागून मला सहा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं मी बागेतली माती भरली, निम्मी माती, निम्मं शेणखत. दर वर्षी तेच व्हायचं. रोप महिनाभर छान वाढायचं, मग खालची पानं पिवळी पडायची, माती वरून तडकलेली आणि आत चिखल. कुंडी उपडी केली की मातीचा वीटेसारखा गोळा बाहेर यायचा आणि मुळं फक्त कडेकडेला दिसायची. दोष मी खतावर ढकलत राहिले. खरं तर दोष मातीचा होता. म्हणजे मातीचाही नाही, तिला चुकीच्या जागी ठेवण्याचा.

शेतात त्याच मातीच्या खाली आणखी कित्येक फूट माती असते. पाणी खाली ओढलं जातं आणि वाफसा येतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही राहतात. कुंडीत खाली तळ आहे. तळापाशी पाणी अडकतं, कारण मातीची बारीक छिद्रं ते धरून ठेवतात. भोक कितीही मोठं पाडा, ते पाणी सुटत नाही. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा, आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. उथळ कुंडीत बारीक माती म्हणजे तो आडवा स्पंज.

म्हणून आता माझ्या कुंड्यांत मातीच नाही. निम्मं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव भाग चाळलेलं कंपोस्ट, पाव भाग परलाइट (फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके पांढरे दाणे). टोमॅटोला वीस लिटरची कापडी बॅग, मिरचीला बारा लिटर पुरते. मुळांना श्वास घ्यायला जागा द्या, बाकीचं नंतर बघता येतं. माझं मत ठाम आहे: कुंडीत बागेतली माती नको.

पोयटा
निशिगंधताई, तुमची कुंडी मेली याचं दुःख समजतं, पण शिक्षा सगळ्या मातीला देऊ नका. तुम्ही भरली ती चिकणमाती असणार. ती वाफशावर नसताना खणली आणि कुंडीत दाबून भरली तर वीट होणारच.

माती फक्त रोपाला उभं धरत नाही. तिच्यातले चिकणमातीचे कण कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धरून ठेवतात आणि लागेल तसं सोडतात. एखाद दिवशी खत जास्त पडलं, पाण्याचा सामू (pH) थोडा इकडेतिकडे झाला, तर माती ते पोटात घेते. तुमच्या मिश्रणात ही सोय फार थोडी. कोकोपीटमध्ये मुळातच सोडियम आणि पोटॅशियम असतं. नुसतं पाण्याने धुतलं तरी त्याच्या कणांना चिकटलेला भाग तसाच राहतो, आणि पुढे तुम्ही घातलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम ते स्वतःकडे ओढून घेतं. त्यासाठी आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवावं लागतं. किती जण करतात? मग टोमॅटोचं बूड काळं पडतं आणि लोक रोगाचं औषध शोधत फिरतात.

आणि मातीविना मिश्रणच शास्त्रीय, असा सूर असेल तर इतिहासही बघा. इंग्लंडमधल्या जॉन इन्स संस्थेत १९३० च्या दशकात लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी कुंडीसाठी जे प्रमाण ठरवलं, त्यात ७ भाग पोयटा (वाळू, गाळ आणि चिकण मिसळलेली भुसभुशीत माती), ३ भाग पीट (दलदलीत साठलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि २ भाग जाडी वाळू होती. निम्म्याहून जास्त माती. पिढ्यानपिढ्या त्यात रोपं वाढली.

निशिगंध
पोयटा, कॅल्शियमचं बोलणं मान्य. मी भिजवते, पण ते लिहायला हवं होतं. फक्त काळ्या बुडाचं सगळं खापर कोकोपीटवर नको. पाणी कधी भरपूर, कधी दोन दिवस नाही, असं झालं तर कॅल्शियम असूनही ते फळापर्यंत पोचत नाही. ते मातीतही होतं.

जॉन इन्सचं उदाहरण मात्र माझ्याच बाजूचं आहे. तो पोयटा म्हणजे कुदळीने खणून आणलेली माती नव्हती. गवताची मुळांसकट कापलेली ढेकळं थरावर थर रचून कित्येक महिने कुजवायची, चाळायची, वाफेने निर्जंतुक करायची, मग ते ७ भाग. आज घरी कोण करतं? अशी एकसारखी माती मिळेना, म्हणूनच पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाने वाळू आणि पीटची मिश्रणं काढली आणि १९६० च्या दशकात अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठात पीटमध्ये परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट (फुगवलेलं अभ्रकासारखं खनिज) घालून बिनमातीची मिश्रणं तयार झाली. रोपवाटिकावाले उगाच तिकडे वळले नाहीत.

वजनही बघा. वीस लिटर माती पाणी दिल्यावर सहज तीस किलोच्या वर जाते. माझ्याकडे अशा चौदा बॅगा आहेत. गच्चीवर किंवा बाल्कनीत एवढा भार ठेवायचा का, हा प्रश्न झाडापेक्षा मोठा आहे.

खापरी
तुम्ही दोघं मिश्रणावर भांडताय आणि कुंडीबद्दल कोणीच बोलत नाही. निशिगंधताईंचा स्पंज बरोबर आहे, मग पुढचं पाऊल घ्या ना. तळाशी साचणाऱ्या ओलीची उंची मिश्रण ठरवतं, कुंडी नाही. समजा एखाद्या मिश्रणात ती ओल पाच सेंटीमीटर आहे. पंधरा सेंटीमीटर उंच कुंडीत तिसरा हिस्सा चिखल झाला. तेच मिश्रण तीस सेंटीमीटरच्या कुंडीत भरा, सहावा हिस्सा. म्हणजे नुसती कुंडी बदलून निचरा सुधारला. पसरट, देखण्या कुंड्यांत टोमॅटो लावणाऱ्यांनी हे आधी बघावं. पालेभाजीला पंधरा-वीस सेंटीमीटर खोली पुरते, तिथे पसरट कुंडी चालते.

कापडी बॅगेबद्दल माझं मत वेगळं आहे. मुळं कडेला पोचली की हवेने त्यांची टोकं सुकतात आणि आतून नवे फाटे फुटतात, प्लॅस्टिकमध्ये होतात तशी गोलगोल वेटोळी होत नाहीत, हे खरं. पण बाजूंनीही पाणी उडतं. वाऱ्याच्या जागी, कडक उन्हात, कोकोपीट भरलेली कापडी बॅग दिवसातून दोनदा पाणी मागते, आणि बाष्पीभवनाने क्षार कडेला पांढरे जमतात. ज्याला सकाळी एकदाच वेळ आहे त्याने ती घेऊ नये. भाजलेल्या मातीची कुंडीही भिंतीतून पाणी सोडते, पण तिची मुळं थंड राहतात. काळं प्लॅस्टिक उन्हात तापतं तेव्हा कडेची मुळं भाजून निघतात. घ्यायचंच तर फिकट रंगाचं घ्या, किंवा मोठ्या कुंडीत छोटी ठेवा.

सायली_पान
पीट मॉसचं नाव वर आलं म्हणून एवढंच. ते दलदलीतून उपसतात. अशा दलदली जगातल्या जमिनीच्या साधारण ३ टक्के भागावर आहेत, पण जमिनीतल्या कार्बनचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांनी धरून ठेवलाय. माझ्या मिरचीसाठी ते उपसलं जावं असं मला वाटत नाही. कोकोपीट निदान नारळाच्या काथ्याच्या कामातून उरलेलं असतं. या एका मुद्द्यावर मी कुणाशी तडजोड करणार नाही.

पोयटा
खापरी, उंचीचं गणित आवडलं. पण मग तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी का नाही घालायची? माझ्या वडिलांनी कायम घातली. पाणी खडीत उतरतं, मुळं वर कोरडी राहतात. इतकी साधी गोष्ट.

खापरी
दादा, पाणी उतरतच नाही. बारीक छिद्रांतून मोठ्या पोकळीत जायला वरचं मिश्रण आधी पूर्ण भिजावं लागतं. म्हणजे चिखलाचा थर होता तेवढाच राहतो, फक्त खडीच्या उंचीएवढा वर सरकतो. मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापरी ठेवणं वेगळं, ती माती वाहून जाऊ नये म्हणून.

पोयटा
चार दिवसांनी लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय मान्य करणं मला जमत नाही. दोन पारदर्शक बाटल्या कापल्या, तळाला भोकं पाडली, दोन्हींत एकच मिश्रण भरलं. एकीत तळाशी तीन बोटं खडी. पाणी दिलं आणि एक रात्र सोडली. खडीच्या बाटलीत गडद ओला पट्टा बरोबर खडीच्या वर बसला होता, खडी जवळजवळ कोरडी. माझं चुकलं होतं. वडिलांचंही.

पण मातीवरून मी हटत नाही. निशिगंधताई, तुमचं मिश्रण दर हंगामात किती खाली बसतं? माझं बिनमातीचं मिश्रण वर्षभरात चांगलं चार बोटं खाली गेलं. कंपोस्ट कुजत जातं, बारीक होतं, आणि ज्या हवेसाठी तुम्ही एवढं भांडताय ती हवाच निघून जाते. माती कुजत नाही. शिवाय कोकोपीटमध्ये लावलं की विद्राव्य खताशी आणि बादलीशी बांधलं जाणं आलं. चार दिवस घर बंद ठेवलं तेव्हा माझी मातीतली मिरची सुकली पण जगली, बिनमातीची गेली. दोन्ही कुंड्या एकाच आकाराच्या होत्या.

निशिगंध
बाटलीचा प्रयोग केलात, आनंद झाला.

खाली बसण्याबद्दल तुम्ही खरं बोलताय. माझंही बसतं, दर हंगामात मी वरून भर घालते आणि परलाइट तरंगून वर आलेलं असतं ते पुन्हा मिसळते. चार दिवसांच्या मिरचीचं मात्र मनाला लागलं, कारण मागच्या वर्षी प्रवासाहून आल्यावर माझ्या तीन बॅगा मी अशाच रिकाम्या केल्या. याला मी आजवर माझा निष्काळजीपणा समजत होते.

निम्मी माती मी पुन्हा भरणार नाही. पण पाचवा हिस्सा चाळलेली माती घालून दोन बॅगा लावायला तयार आहे, बाकी बारा जुन्या पद्धतीने. कुठली माती घ्यावी एवढं सांगा. आमच्याकडची हातात वळली की दोरी होते.

पोयटा
दोरी होते म्हणजे चिकण जास्त. तरी खात्री करा. काचेच्या उभ्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात खाली बसेल, तिथे खूण करा. दोनेक तासांनी पोयट्याच्या, म्हणजे गाळाच्या, कणांचा थर दिसेल, तिथे दुसरी. चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतात. हा वरचा थर बसलेल्या मातीच्या एकूण उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जाड निघाला तर ती माती नको, मीच नको म्हणतो. पातळ निघाला तर पाच मिलिमीटरच्या चाळणीतून काढा आणि भरताना हाताने दाबू नका, कुंडी दोनदा जमिनीवर आपटा, पुरे.

निशिगंध
बरणी ठेवली आहे. वाळू दीड बोट बसली, वरचं पाणी अजून गढूळ आहे. परवा खूण करून लिहिते.