मॉडेल रेल्वेची स्वयंचलित गाडी मध्येच हाती घेण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या एचओ मापाच्या (१:८७) मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर डीसीसी (रुळांतून प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र डिजिटल आदेश देणारी) पद्धत असून मुख्य मार्गावरच्या गाड्या संगणक ब्लॉकनिहाय (मार्गाच्या एकेका तुकड्यानुसार) चालवतो. यार्डातले शंटिंग (डबे जोडणे-सोडणे) मात्र मी थ्रॉटल (वेगनियंत्रक) हातात घेऊनच करतो, कारण खरी गंमत त्यातच आहे. अडचण अशी की, डबे जोडून झाल्यावर इंजिन पुन्हा संगणकाकडे सोपवले की तो आधीची गती एकदम लागू करतो, इंजिन झटक्याने सुटते आणि कपलिंग निसटते. डिकोडरमधील (इंजिनात बसवलेल्या, आदेश वाचणाऱ्या सर्किटमधील) सीव्ही ३ चे, म्हणजे वेगवाढीच्या सेटिंगचे, मूल्य वाढवल्यास वेग हळूहळू चढतो हे खरे, पण मग शंटिंगही सुस्तावते. शिवाय मी हाताने पुढच्या ब्लॉकमध्ये नेलेल्या गाडीची नोंद संगणकात जुन्याच ब्लॉकवर राहते. हस्तांतराच्या वेळी गती शून्यावर आणून ब्लॉकची नोंदही आपोआप दुरुस्त होईल, अशी व्यवस्था कोणी केली असल्यास कृपया सविस्तर कळवावे.