मदत हवी आहे: इटलीतलं टायबरचं खोरं रोड बाइकवरून, मोंतोनेच्या यशवंत घाडगे स्मारकापर्यंत

नमस्कार मंडळी,

येत्या जुलैत मी आणि माझा नवरा इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून रोड बाइकवर जायचं ठरवतोय. पेरुजाहून निघायचं, मग उंबेर्तिदे, मोंतोने, चित्ता दि कास्तेल्लो, सानसेपोल्क्रो आणि शेवटी अरेत्सो, असा ढोबळ मार्ग आहे. आम्ही जर्मनीत राहतो, त्यामुळे सायकली आपल्याच नेणार. मुक्काम कुठे, रोज किती किलोमीटर, हे सगळं मागेपुढे करता येईल. १० जुलैच्या सकाळी मोंतोनेत असायचं, एवढं मात्र पक्कं आहे.

माझं माहेर माणगावचं. तिथल्या तहसील कचेरीसमोर नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते आमच्या तालुक्यातले, पळसगाव-आमडोशीचे. दुसऱ्या महायुद्धात ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते आणि १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या याच खोऱ्यात धारातीर्थी पडले. वय अवघं २२. त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे एकतर मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प केले, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला सवड नव्हती, म्हणून हत्यार नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. त्यानंतर शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. इटलीच्या लढाईत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैन्यातल्या जवानांचे आहेत.

२०२३ च्या जुलैत मोंतोनेच्या लोकांनी आपल्या गावात त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि त्यावर लॅटिनमध्ये 'आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो' या अर्थाचं वाक्य कोरलंय. ही बातमी वाचल्यापासून माझ्या बाबांनी ध्यास घेतलाय. ते निवृत्त शिक्षक आहेत. वर्गात घाडग्यांची गोष्ट दरवर्षी सांगायचे. या वेळी ते आणि आई भाड्याच्या गाडीने येतील, आम्ही दोघं सायकलवर.

सायकलच का, असं घरातही विचारून झालंय. माझं म्हणणं असं की ही लढाई चढउतारांची होती. पेरुजा २० जून १९४४ ला मोकळं झालं. जूनच्या अखेरीस दहाव्या भारतीय डिव्हिजनने आठव्या भारतीय डिव्हिजनकडून हे खोरं हाती घेतलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उंबेर्तिदे पडलं, पण चित्ता दि कास्तेल्लो हाती आलं ते २२ जुलैला. या दोन गावांत नदीच्या कडेने पाहिलं तर सायकलवर फार तर तासाभराचं अंतर आहे, आणि त्याला दोन आठवड्यांहून जास्त लागले. कारण जर्मन दोन्ही बाजूंच्या डोंगरसोंडांवर बसले होते. तिथून खालचा रस्ता तळहातासारखा दिसतो, त्यामुळे खोऱ्यातून जो पुढे जाईल त्याच्यावर तोफांचा मारा. पूल उडवलेले, वाटांवर सुरुंग. मग आपल्या पलटणींनी खालचा रस्ता सोडून डोंगर धरले. सॅपर्सनी, म्हणजे लष्करी अभियंत्यांनी, वाटा फोडल्या, दारूगोळा आणि पाणी खेचरांवरून चढवलं आणि रात्री चालून जाऊन शत्रूची बगल गाठली. गाडीच्या काचेतून हे डोंगर नुसते हिरवे दिसतील. चढ पायांना लागला की प्रत्येक सोंडेसाठी इतके दिवस का गेले ते उमगतं, असं मला मनापासून वाटतं.

आता प्रश्न.

नकाशावर खोऱ्याच्या मधोमध ई-४५ हा मोठा रस्ता दिसतो आणि नदीच्या कडेने एक सायकलमार्ग. रोड बाइकवर, २८ मिमी टायर असताना, यातलं काय धरावं? की तिसराच रस्ता आहे?

मोंतोनेचा चढ कसा आहे? मी माहेरी आले की ताम्हिणी चढते, पण नवऱ्याला सपाटीची सवय आहे.

जुलैच्या उन्हाचं काय करायचं? पाणी कुठे मिळतं?

घाडग्यांचं थडगं कुठे आहे? बाबांना तिथेही जायचंय.

आणि शेवटचं. बाबांना पळसगावची मूठभर माती स्मारकापाशी न्यायची आहे. विमानातून चालेल का?

प्रतिसाद:

ताई, मी बोलोन्यात राहते आणि पेरुजाच्या या उंब्रिया प्रांतात बऱ्याचदा सायकल चालवलीय. ई-४५ विसरा. चौपदरी आहे, ट्रक सुसाट जातात, तिथे सायकलचं काम नाही. तिच्या शेजारून जुना तिबेरिना रस्ता गावागावांतून जातो, तो धरा. डांबर कुठे कुठे उखडलेलं आहे, पण रहदारी बेताची. नदीकाठचा सायकलमार्ग सुंदर आहे, तरी बऱ्याच ठिकाणी पांढरी खडी आहे. २८ च्या टायरवर कोरड्या दिवशी निभेल, पण मी पंक्चरच्या भीतीने तो थोडाच घेते. नवऱ्याला घेऊन जायचं तर पेरुजाच्या खालच्या अंगाला, पोंते सान जोव्हान्नीहून सुरुवात करा. पेरुजा शहर उंच टेकडीवर आहे, पहिल्याच दिवशी तो चढ कशाला?

उंबेर्तिदेत नुसतं कॉफी पिऊन पुढे जाऊ नका. २५ एप्रिल १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी टायबरवरचा पूल पाडण्यासाठी बॉम्ब टाकले आणि ते शेजारच्या वस्तीवर पडले. ७० माणसं गेली. त्या घरांच्या जागी आता चौक आहे, २५ एप्रिलच्याच नावाचा. मोंतोनेला जाण्याआधी तिथे थांबावं असं मला वाटतं, कारण ज्यांनी आपल्या घाडग्यांचं स्मारक बांधलं त्या लोकांनी त्या उन्हाळ्यात काय काय सोसलं ते तिथे कळतं.

मोंतोनेचा चढ ताम्हिणीपुढे काहीच नाही. खोरं साधारण २५० मीटरवर, गाव ४८० च्या आसपास. सव्वादोनशे मीटर चढायचे, वळणावळणाने. मागच्या चाकाला ३२ दात्यांची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) असेल तर सपाटीवाला माणूसही न उतरता चढेल. तटबंदीच्या आत मात्र फरसबंदी आहे आणि गल्ल्या उभ्या, तिथे सायकल हातात धरूनच चाला. बुटांच्या तळाच्या क्लीट घसरतात.

ऊन हा खरा प्रश्न. जुलैत दुपारी पारा ३५ च्या वर सहज जातो. साडेपाचच्या सुमाराला उजाडतं, तेव्हाच निघा आणि अकरापर्यंत मुक्कामी पोचा. उजाडायच्या आधी निघायचं असेल तर दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घाला, गावाबाहेर अंधारात आणि बोगद्यात ते सक्तीचं आहे. बहुतेक गावांत चौकात नळ असतो. 'नोन पोताबिले' लिहिलेलं असेल तर ते पाणी पिऊ नका, बाकी बिनधास्त भरा. दुपारी एक ते चार लहान गावांत दुकानं बंद. केळी आणि ब्रेड सकाळीच घेऊन ठेवा.

प्रतिसाद:

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मी स्वतः बेळगावला मराठा सेंटरमध्ये, म्हणजे मराठा पलटणीच्या प्रशिक्षण केंद्रात, शिकलेला निवृत्त माणूस, म्हणून लिहितो.

घाडग्यांचं वेगळं थडगं नाही. त्यांचं नाव कासिनो मेमोरियलवर आहे. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा कॉमनवेल्थच्या चार हजारांवर सैनिकांची नावं तिथे संगमरवरावर कोरलेली आहेत. हे मेमोरियल कासिनोच्या युद्धस्मशानातच आहे, वर माँते कासिनोचा मठ दिसतो. रोमहून रिजनल ट्रेनने जाऊन येता येतं. कासिनोजवळच्या गारी नदीवर १२ मे १९४४ ला शिपाई कमल राम यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तेही बाबांना दाखवा.

तुमच्या मार्गाच्या शेवटी अरेत्सो आहे, तिथलं युद्धस्मशान शहराच्या थोडं बाहेर आहे. ते चुकवू नका. चौथी, आठवी, दहावी या तिन्ही भारतीय डिव्हिजनचे जवान तिथे आहेत. शिळेवर वर पलटणीचं चिन्ह, खाली नंबर, हुद्दा, नाव. मराठा नावं शोधायला लागलात की जाधव, शिंदे, पवार अशी आपल्या शेजारची माणसं भेटावीत तशी वाटतात. दाराजवळच्या भिंतीत छोटी पितळी कपाटं असतात, त्यात नावांची वही आणि अभिप्रायाची वही. अभिप्राय मराठीत लिहा. बाबांच्या हातून लिहून घ्या.

सायकलवाल्यांच्या बुटांबद्दल एक सांगतो: आत जाताना साध्या चपला घाला.

प्रतिसाद:

मातीचं उत्तर देतो, कामाच्या निमित्ताने मला हे नियम पाहावे लागतात. युरोपीय संघात भारतातून माती आणायला मनाई आहे. कितीही थोडी असली तरी. रोपं, बिया यांनाही आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पण नारळ चालतो! अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळं प्रमाणपत्राशिवाय आणता येतात. तेव्हा काकांना म्हणावं, पळसगावचा सोललेला नारळ आणा, मोठ्या बॅगेत. फोडायचा की नुसता ठेवायचा, ते मोंतोनेच्या नगरपालिकेला आधी मेल करून विचारा.

आणखी एक. वेळ असेल तर अॅपेनाइनच्या पलीकडे सेनिओ नदीवर जा. ९ एप्रिल १९४५ ला शिपाई नामदेव जाधव, ५ व्या मराठाची पहिली पलटण, यांनी तिथे जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून पाठीवर वाहून आणलं आणि मशीनगनची तीन ठाणी मोडली. मग बांधावर उभं राहून गर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. तेही व्हिक्टोरिया क्रॉस. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. नदीचे बांध उंच आणि सपाट आहेत, सायकलला उत्तम, आणि आल्फोन्सिने गावात या लढाईचं संग्रहालय आहे.

धागाकर्ती:

तुम्हा सगळ्यांचे आभार. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. मातीचं ऐकून थोडे हिरमुसले, नारळावर लगेच तयार झाले.

मार्ग आता असा: पोंते सान जोव्हान्नीहून पहाटे निघून उंबेर्तिदे, तिथे त्या चौकात थांबून मुक्काम. १० तारखेला सकाळी मोंतोने. पुढचा दिवस चित्ता दि कास्तेल्लो. तो पट्टा मुद्दाम जुन्या रस्त्याने न जाता डोंगराच्या बाजूने करायचा विचार आहे. मग सानसेपोल्क्रो, आंगियारी आणि स्केज्जाची खिंड ओलांडून अरेत्सो. तिथून ट्रेनने सायकली घेऊन रोम, रिजनल ट्रेनला सायकलचं वेगळं तिकीट काढून. कासिनोला आईबाबांबरोबर जाऊ. सेनिओ या खेपेला बसत नाही, नवऱ्याने पुढच्या एप्रिलला लिहून ठेवलंय.

@बोलोन्याची ताई, मोंतोने ते चित्ता दि कास्तेल्लो डोंगराच्या बाजूने डांबरी रस्ता सलग आहे का, की मध्ये खडी लागते? तुमच्याकडे मार्गाची जीपीएक्स फाइल असेल तर कृपया टाका. आणि @बेळगावचे काका, मराठा पलटणीच्या जुन्या मंडळींपैकी कुणाला त्या दिवशी मोंतोनेला यायचं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. आम्ही सकाळी आठपर्यंत पोचू, गाडीत मागच्या सीटवर दोघांची जागा आहे.