अनिश्चित काळात देणगीचा हात आखडता घ्यावा का?

सावली

गेले काही महिने देणगीचा विषय निघाला की एकच वाक्य कानावर येतंय: "सध्या थांबूया, चित्र स्पष्ट झालं की बघू." कुठे युद्ध, कुठे सत्तापालट, बाजार वरखाली. माणसं धास्तावली आहेत हे समजतं. तरी माझं मत असं की नेमक्या याच काळात हात आखडता घेऊ नये. आणि द्यायचं ते बिनशर्त द्यावं, म्हणजे पैसा कुठे लावायचा ते संस्थेला ठरवू द्यावं.

संकट आलं की लोक देत नाहीत, असं मुळीच नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर इतका पैसा आला की 'मेदसां सां फ्रोंतिए' या डॉक्टरांच्या संघटनेनं काही दिवसांतच त्सुनामीसाठीच्या देणग्या घेणं थांबवलं. आलेला पैसा दुसऱ्या संकटांकडे वळवू का, असं त्यांनी दात्यांना विचारलं, आणि फारच थोड्यांनी तो परत मागितला.

पण ही ओढ टिकत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या एका चिमुरड्या सीरियन मुलाचा फोटो जगानं पाहिला. पुढच्या आठवड्यात स्वीडिश रेड क्रॉसच्या सीरियन निर्वासितांच्या निधीत रोजच्या देणग्या सरासरी ५५ पट झाल्या. दीडेक महिन्यात त्या ओसरल्याही. युद्ध चालूच होतं, त्याआधीही चार वर्षं चालू होतं. पैसा बातमीमागे धावतो, आणि ज्या कामाची बातमी होत नाही ते काम सुकतं.

तराजू

सावली, कळकळ पोचली, पण सल्ला पटत नाही. उद्याच्या मिळकतीची खात्री नसलेल्या माणसाला 'आत्ताच द्या' म्हणणं बरोबर नाही. देणगीचा संबंध दयेइतकाच खिशाशी आहे. अमेरिकेत २००८ आणि २००९ अशी सलग दोन वर्षं देणग्या घसरल्या, कारण नोकऱ्या गेल्या, घरांच्या किमती कोसळल्या. २०२० ला महामारी होती, तरी ४७,१४४ कोटी डॉलरचा तेव्हाचा विक्रम झाला, कारण वर्षाच्या शेवटी बाजार सावरला होता. २०२२ ला महागाई वाढली, शेअर बाजार पडला, आणि देणग्या ३.४ टक्क्यांनी कमी झाल्या. महागाई धरली तर १०.५ टक्क्यांनी. लोकांचं मन दोन वर्षांत इतकं बदलत नसतं. ऐपत बदलते.

आणि मोठ्या प्रतिष्ठानांचं काय? त्यांचा कॉर्पस, म्हणजे गुंतवून ठेवलेला मूळ निधी, पडत्या बाजारात विकून आज वाटला, तर पुढच्या वीस वर्षांचं बियाणंच दळून खाल्ल्यासारखं होईल. अमेरिकेतल्या कायद्यानं खासगी प्रतिष्ठानांना दरवर्षी साधारण ५ टक्के खर्च करावाच लागतो. वाईट वर्षात तेवढ्यावर थांबणं मला गैर वाटत नाही. शिवाय घाईत दिलेला पैसा एकाच जागी गरजेपेक्षा जास्त साचतो, हे तुमच्याच त्सुनामीच्या उदाहरणातून दिसतं.

खतावणी

तराजू, 'थांबणं' म्हणजे दुसऱ्या बाजूला काय होतं, ते मी बघितलंय म्हणून लिहितो.

मी एका छोट्या संस्थेचे हिशेब सांभाळतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी आमच्या परिचारिका जातात. काही वर्षांपूर्वी एक मोठी आपत्ती आली. आम्ही तिथे थोडं काम केलं, आणि त्या खात्यात तीन महिन्यांत आमच्या वर्षभराच्या एकूण खर्चाहून जास्त रक्कम जमली. त्याच तीन महिन्यांत आमचे नेहमीचे दाते आपत्तीकडे वळले. काही जण 'सध्या थांबतो' म्हणाले, अगदी नम्रपणे.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस माझ्या टेबलावर एका बाजूला बँकेचं पासबुक होतं, भरगच्च शिल्लक दाखवणारं. दुसऱ्या बाजूला परिचारिकांच्या पगाराचा तक्ता, आणि त्यावर सही करता येत नव्हती. ज्या कामासाठी पैसा आला त्याच कामाला तो लागला पाहिजे. हा नियम योग्यच आहे, मी तो मोडणार नाही. पण त्या महिन्यात दोघींनी काम सोडलं. एक जण अकरा वर्षं आमच्याकडे होती. कुठल्या आजोबांना कुठल्या कुशीवर वळवलं की कळ येते, कोणाला आधी पाणी पाजायचं आणि मग गोळी द्यायची, हे सगळं तिच्या हातात होतं. कागदावर कुठेच नव्हतं. सहा महिन्यांनी दाते परत आले. ती आली नाही.

आणखी एक. प्रत्येक दात्याचा पहिला प्रश्न 'आस्थापना खर्च किती?' हाच असतो. त्या परिचारिकेचा प्रवास आणि माझा पगार दोन्ही त्यातच धरतात. मग तो रकाना कमी दाखवायची धडपड सुरू होते आणि संस्था आतून पोखरत जाते.

किनारा

तुम्ही तिघंही फक्त दानाबद्दल बोलताय. इम्पॅक्ट गुंतवणूक, म्हणजे समाजाला मोजता येईल असा फायदा आणि सोबत परतावाही, तिचा विचारच नाही. मी या क्षेत्रात काम करते, त्यामुळे माझा कल उघड आहे.

२००६ मध्ये लसीकरणासाठी रोखे काढले गेले. सरकारांनी पुढच्या अनेक वर्षांत द्यायचं कबूल केलेल्या पैशाच्या भरवशावर बाजारातून आजच रक्कम उभी केली. मूल आज जन्मलंय, लस वीस वर्षांनी देऊन चालत नाही. जून २०२० मध्ये फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी प्रतिष्ठाननं १०० कोटी डॉलरचे रोखे विकले, मुदत ३० आणि ५० वर्षांची. त्यातून महामारीत अनुदानं वाढवली आणि पडत्या बाजारात कॉर्पस विकावा लागला नाही. तराजू म्हणतात ते बियाणंही वाचलं, आणि खतावणी यांच्यासारख्यांना वेळेवर पैसाही मिळाला. दान एकदाच खर्च होतं, गुंतवणुकीचा पैसा फिरून परत येतो. या क्षेत्राच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अंदाजानुसार अशी गुंतवणूक १.५७ लाख कोटी डॉलरवर गेली आहे. हा ओघ दुर्लक्षून कसं चालेल?

पाऊलवाट

राजकारणाचा एक पदर राहिला. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवासबंदीचा आदेश निघाला, आणि एका शनिवार-रविवारात तिथल्या नागरी हक्कांच्या मोठ्या संघटनेकडे ऑनलाइन सुमारे २.४ कोटी डॉलर जमले. लोक रागाच्या भरातही देतात. मला याची धास्ती वाटते. आपल्या बाजूचं सरकार आलं की तोच दाता निश्चिंत होऊन बसतो, आणि कोर्टातले खटले तर वर्षानुवर्षं चालतात.

सावली

खतावणी, पगाराच्या तक्त्याबद्दल वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

किनारा, लसीच्या रोख्यांचं मोल मी जाणते. पण ते उभे राहिले कशावर? सरकारांच्या शब्दावर. आणि राजकीय अनिश्चिततेत पहिल्यांदा हलतो तो हा शब्दच. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेनं परदेशी मदत तपासणीसाठी ९० दिवस गोठवली. मार्चमध्ये ही मदत पोचवणाऱ्या 'यूएसएड' या सरकारी संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं, आणि १ जुलैला ती संस्था मदतीचं काम करेनाशी झाली. ब्रिटननं आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलंय. तपासणी राहिली बाजूला, काम चांगलं की वाईट हे ठरायच्या आत दवाखान्यांना कुलपं लागली.

खासगी गुंतवणूकदार तरी अशा वेळी टिकून राहतो का? अस्थिर देशाचं चलन घसरतं, कर्ज डॉलरमध्ये असतं, कमाई स्थानिक पैशात. हप्ता वाढतो तो कर्ज घेणाऱ्याचा. आणि त्या आजोबांची कूस बदलण्यातून परतावा कोण, कसा काढणार?

किनारा

तिथे गुंतवणूक नकोच, तिथे दानच हवं. हे मला पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. चलनाची अडचणही खरी आहे, आमच्या बैठकांत तीच सगळ्यात जास्त वेळ खाते. पण छोट्या शेतकऱ्याचं कर्ज, परवडणारं घर, सौर दिवे यांना दान देत राहणं ही उधळपट्टी आहे. अशा ठिकाणी एखाद्या प्रतिष्ठाननं, तोटा झालाच तर आधी तो आपण सोसू, अशी हमी दिली, तर घाबरलेला गुंतवणूकदारही टिकतो. प्रतिष्ठानांनी वाईट वर्षात हे करावं, ५ टक्क्यांवर अडून बसू नये. मॅकआर्थर फाउंडेशननं २०२५ आणि २०२६ साठी किमान ६ टक्के द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांचंही बियाणं पणाला होतंच ना, तराजू?

तराजू

मॅकआर्थरचा कॉर्पस मोठा आहे, त्यांना ते झेपतं. सामान्य माणसानं आधी घरची सहा महिन्यांची तजवीज करावी, मग द्यावं, यावर मी ठाम आहे. पण एक मात्र बदललं. मी दरवर्षी एका संस्थेला देतो आणि पावतीवर 'फक्त औषधांसाठी' असं लिहून घेतो. मला वाटायचं, यात शिस्त आहे. यंदा रक्कम कमी करावी लागणार आहे, ती करणारच. अट काढायची असेल तर काय करायचं, खतावणी? मागच्या वर्षीचे काही पैसे न वापरता पडून असल्याचं त्यांनी कळवलंय.

खतावणी

साधा ईमेल पुरतो. पावती क्रमांक, तारीख, रक्कम लिहा, आणि 'शिल्लक रक्कम संस्थेच्या कोणत्याही कामासाठी वापरावी' एवढं एक वाक्य. फोनवर सांगू नका, फोनचा आम्हाला उपयोग नाही. ईमेल आम्ही छापून मूळ पावतीच्या स्थळप्रतीला टाचतो, कारण लेखापरीक्षक तोच कागद मागतात. आणि रक्कम कमी होणार असेल तर तेही त्याच ईमेलमध्ये आत्ताच कळवा. मार्चमध्ये कळलं तर काही करता येत नाही.