दोमिएची शिळाछाप चित्रं: कलाकृती की जुनं वर्तमानपत्र?

अवधूत: एकोणिसाव्या शतकातल्या ओनोरे दोमिए या फ्रेंच चित्रकाराची व्यंगचित्रं पॅरिसच्या 'ल शारिवारी' दैनिकात तिसऱ्या पानावर यायची, पाठीमागे चौथ्या पानाचा मजकूर. ते पान कापून, चौकटीत घालून 'अस्सल फाइन आर्ट प्रिंट' म्हणून विकणं मला पटत नाही. त्याच चित्रांच्या जाड, पाठकोऱ्या कागदावर काढलेल्या प्रती मिळतात, 'स्यूर ब्लां' म्हणतात त्या. प्रिंट म्हणावं तर त्यांना. दैनिकाच्या प्रतीत मागची अक्षरं पुढे दिसतात आणि सावल्यांमधला खडूचा कण बुजून नुसता काळा गिलावा उरतो.

शिळाप्रेस: गिलाव्याचा दोष कागदाला कशाला? ही चित्रं दगडावरून छापलेली, आणि दगड थकतो. दगडावर तेलकट खडूनं चित्र, त्यावर डिंकात थोडं नायट्रिक आम्ल, मग दर छापाला दगड ओला करून शाईचा रूळ. प्रती वाढत गेल्या की फिक्या छटा उडतात किंवा सावल्या भरतात. पण रेषा त्याच्याच हातची, मध्ये लाकूड कोरणारा कारागीर नाही. शिवाय फ्रान्समधल्या 1835च्या सप्टेंबर कायद्यांनी राजकीय व्यंगचित्रं बंद पडल्यावर त्यानं वकील, घरमालक, नवरा-बायको काढले ते या पानासाठीच. तुमची स्यूर ब्लां ही त्याच धंद्यातली वरकमाई!

मीरा_ग: 'त्याच्याच हातची' हे सरसकट नको. 1870च्या सुमारास शारिवारी जिलोताज नावाच्या छपाईपद्धतीकडे वळलं: चित्र जस्तावर उतरवायचं, आम्लानं उठाव आणायचा, मजकुराबरोबरच छापायचं. भिंगाखाली त्या रेषांच्या कडा तुटक दिसतात, खडूची मऊ रवाळ छटा जाते. आणि त्याच्या 'रोबेर माकेर' या मालिकेतल्या चित्रांखालच्या ओळी शारिवारीचा संस्थापक शार्ल फिलिपाँच्या. विनोदात त्याचा वाटा धरणार की नाही?

अवधूत: ओळी झाकून 'ले जाँ द ज्युस्तीस' या त्याच्या वकील-न्यायाधीशांवरच्या मालिकेतला कुठलाही वकील बघा. झग्याची बाही आणि वर केलेली हनुवटी पुरते, फिलिपाँची गरज नाही. माझं भांडण विक्रेत्यांशी आहे. पानामागे काळा कागद ठेवून स्कॅन करतात, मागची अक्षरं गायब! गिऱ्हाइकाला वाटतं, स्यूर ब्लां मिळाली.

शिळाप्रेस: हे मान्य. मग पाठीचा फोटो मागा आणि दोमिएच्या छापचित्रांच्या देल्तेइनं केलेल्या सूचीतला क्रमांक विचारा. त्या सूचीत प्रत्येक चित्राच्या छापाचे टप्पेही दिलेत. दहापट भिंगातून सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर ती अलीकडची ऑफसेट नक्कल. खडूचा कण वेडावाकडा असतो. तरीही दैनिकाचं पान म्हणून घेतलेलं पान मी कमअस्सल मानणार नाही.

मीरा_ग: घेतलंच तर पुठ्ठ्याला चिकटवू नका. वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागदाच्या पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ, बाकी कागद मोकळा. सेलोटेपचा डिंक कागदात मुरतो आणि तेलकट पिवळा डाग कायमचा राहतो. उजेड 50 लक्सपर्यंत. मागे आम्लमुक्त करडा कागद लावलात तर अक्षरं कमी दिसतील, पण चित्राचा पांढरा थोडा मळकटेल. विकताना मात्र तो काढून दाखवा.