तंबू गोट्यांवर नको

दादा: शनिवारी खोऱ्यात जायचं पक्कं. तंबू नदीच्या गोट्यांवरच ठोकू. सपाट जागा आणि पाणी हाताशी.

मामा: गोट्यांवर नको रे. ती जागा पुरानेच सपाट केलेली असते. वळणाच्या आतल्या अंगाला पाण्याचा जोर कमी होतो, म्हणून तिथे गोटे-वाळू साचते. वर डोंगरात पाऊस झाला तर आपल्याकडे आभाळ स्वच्छ असूनही पाणी चढतं. पाणी गढूळलं, काटक्या-पाचोळा वाहत आला, की सामान तिथेच टाकून वर निघायचं.

ताई: काठावरच्या उंच टप्प्यावर राहू. थंड हवा जड असते, रात्री ओघळून तळाला साचते. मागच्या वेळी पहाटे धुक्याने पांघरुणं ओलीचिंब झाली होती.

मामा: शिवाय टिटवी त्या गोट्यांतच अंडी घालते. घरटं म्हणजे नुसता खळगा. बहुधा चार अंडी, ठिपक्यांची, पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर आल्या पावली मागे फिरायचं.

चिऊ: मला पाणमांजर बघायचंय!

मामा: ते बुजरं असतं गं, दिसेलच असं नाही. पाण्यालगतच्या मोठ्या दगडांवर त्याची विष्ठा शोध, त्यात माशांचे खवले आणि काटे असतात. खंड्या मात्र दिसेल. वळणाच्या बाहेरच्या अंगाला नदी काठ कापते, त्या उभ्या मातीत तो आडवं बीळ कोरतो. तिथे पाणी खोल आणि ओढ जास्त, उतरायचं नाही.

आत्या: मुलांना दगडांचे मनोरे रचायला तरी जागा आहे ना?

मामा: आत्या, मनोरे नकोत, मनापासून सांगतो. गोट्यांखाली जीव राहतात. मी एकदा पाण्यातला गोटा उलटून पाहिला. खाली वाळूची इवलीशी नळी चिकटलेली, कण न् कण रेशमाने जोडलेला. जरा वेळाने टोकातून डोकं आणि पाय बाहेर आले. कॅडिसफ्लाय नावाच्या, पतंगासारख्या उडत्या किड्याची अळी! स्वच्छ, वाहत्या पाण्यात अशा किड्यांची चांगली वस्ती असते आणि मासे त्यांच्यावर जगतात. एखादा गोटा उचलून बघा, पण होता तसाच, तीच बाजू खाली करून ठेवा.

आत्या: बरं, मुलांना भिंग देते. मनोरे बंद.

दादा: तंबू वर. पट्ट्यांच्या सँडल सगळ्यांनी आणा, ओल्या कातळावर चपला घसरतात.

चिऊ: खंड्यासाठी मला पहाटे उठवा!

मामा: उठवतो. दुर्बीण एकच आहे, पहिली पाळी तुझी.