फ्रान्समधील अश्मयुगीन गुहाचित्रे: मूळ गुहा पाहावी की प्रतिकृती?

प्रश्न:
नमस्कार. तुलूजहून मोटारीने निघून उत्तरेला वेझेर नदीच्या खोऱ्यापर्यंत जाण्याचा आमचा बेत आहे. त्याच खोऱ्यातील लास्को या प्रसिद्ध चित्रगुहेची मूळ गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद असल्याचे ठाऊक आहे. ज्या गुहांत मूळ चित्रे आजही पाहता येतात, अशा कोणत्या गुहा या वाटेवर आहेत? शिवाय, प्रेक्षकांच्या श्वासामुळेच लास्कोची हानी झाली असेल, तर अशा ठिकाणी जाणे कितपत योग्य आहे?

उत्तर १:
आधी वाट थोडी वाकडी करून दक्षिणेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या नियोला जावे. या गुहेत दिव्यांची सोय मुद्दामच केलेली नाही. प्रत्येकाच्या हाती विजेरी दिली जाते आणि ओबडधोबड जमिनीवरून सुमारे ८०० मीटर चालल्यावर ‘काळे दालन’ येते, तिथे बायसन (गव्यासारखे रानटी प्राणी), घोडे आणि आयबेक्स (डोंगरी रानबकरे) रेखाटलेले आहेत. इतक्या आत, चरबीच्या दिव्यांच्या उजेडात, माणसे केवळ चित्रे काढण्यासाठी आली होती, ही गोष्ट चालूनच उमगते. नंतर उत्तरेकडे जाताना काओरजवळची पेश मेर्ल पाहावी. तिथल्या ठिपक्यांच्या घोड्यांपैकी उजवीकडच्या घोड्याचे तोंड खडकाच्या नैसर्गिक कडेलाच धरून काढलेले आहे. हे ठिपके कल्पनेतले असावेत, असे अनेकांना वाटत असे; परंतु त्या काळी असे घोडे खरोखर होते, हे प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून २०११ मध्ये दिसून आले.

उत्तर २:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. लास्कोत दररोज मोठी गर्दी होत असे. श्वासातील कार्बन डायऑक्साइड व बाष्प आणि दिव्यांचा प्रकाश यांमुळे भिंतींवर हिरवे शेवाळ व पांढरे कॅल्साइट (चुन्याचे स्फटिक) वाढू लागले. तो धडा घेऊनच १९९४ मध्ये सापडलेली शोव्हे गुहा लोकांसाठी कधीच उघडली गेली नाही. जिथे आज प्रवेश आहे, तिथे गट लहान असतात आणि संख्येवर मर्यादा असते. ती मर्यादा पाळून जाण्यात मला काही गैर वाटत नाही. ती शिथिल करण्याची मागणी मात्र कोणी करू नये.

उत्तर ३:
प्रतिकृतीला दुय्यम मानू नये, असे मला मनापासून वाटते. मोंतिन्याक येथे २०१६ मध्ये खुली झालेली ‘लास्को ४’ ही लास्कोची प्रतिकृती आधी पाहिल्यास, कोरलेली रेषा कुठे संपते आणि खडकाचा उंचवटा कुठे सुरू होतो, हे ओळखण्याची सवय डोळ्यांना लागते. त्यानंतर लेझेझीजवळच्या फाँ-द-गोम या मूळ चित्रे असलेल्या गुहेतील फिकट झालेले रंगीत बायसनही नीट दिसतात. तिथली जागा बऱ्याच आधी आरक्षित करावी आणि मिळालेल्या तारखेनुसारच बाकीचा मार्ग आखावा. उन्हाळ्यातही आत थंडी असते, त्यामुळे स्वेटर हवाच. छायाचित्रे काढण्यास मनाई आहे.